हिरवे चौकोन की माणसांची दाद?

फावल्या वेळातला प्रोजेक्ट अर्धवट राहू नये म्हणून प्रोग्रामर दोन गोष्टींचा आधार घेतात: आकडे किंवा माणसं.

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर प्रोफाइलवर दिसणारे हिरवे चौकोन (काम नोंदवलेल्या प्रत्येक दिवसाचा एक) हे आकड्यांचं उदाहरण. पूर्वी तिथे सलग किती दिवस काम केलं तेही दिसायचं; २०१६ मध्ये तो आकडा काढला गेला, आणि ते योग्यच झालं. साखळी तुटू नये म्हणून रात्री बाराच्या आत रीडमीतला (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलमधला) स्वल्पविराम बदलणं हे काम नव्हे. हॅक्टोबरफेस्ट या मुक्त प्रोजेक्टांना हातभार लावण्याच्या उपक्रमात तर २०२० साली बक्षिसाच्या टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टचा (बदल स्वीकारण्याच्या विनंत्यांचा) पूर आला, प्रोजेक्ट सांभाळणारे मेन्टेनर हैराण झाले. सवय लावायला आकडे उपयोगी, एवढं मान्य.

२००२ पासून चालणाऱ्या लुडम डेअर या गेम जॅमची, म्हणजे ठरलेल्या वेळात गेम बनवण्याच्या उपक्रमाची, रीत वेगळी. तिच्या काँपो गटात एकट्याने ४८ तासांत गेम करायचा, बक्षीस नाही. मग सहभागी एकमेकांचे गेम खेळतात, गुण देतात, अभिप्राय लिहितात. गुण इथेही आहेतच, पण ते देणारा स्वतः गेम करून दमलेला असतो, म्हणून त्याच्या शब्दाला वजन येतं. कुठली उडी अडते हे अशा अनोळखी माणसाने सांगितलं, की दुरुस्ती करावीशी वाटतेच.

महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामासाठी मी माणसंच निवडेन: दर आठवड्याला दोन-तीन मित्रांना चालू स्थितीतलं काहीतरी दाखवायचं.