मेंदूसाठी कार्निटीन की क्रिएटिन? औषधाच्या काउंटरमागून

गेल्या जुलैत एकाच आठवड्यात तीन माणसं दुकानात आली. तिघांनाही हवं होतं ते एकच: थकवा जाईल आणि डोकं चालेल असं काहीतरी. पहिला शिवाजी पार्कच्या बाजूला जिमला जाणारा मुलगा, मोबाइलवर क्रिएटिनचा डबा दाखवत. दुसऱ्या डोंबिवलीहून रोज फास्ट लोकलने येणाऱ्या एक बाई, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, हातात कागदाचा चिटोरा आणि त्यावर 'असेटिल-एल-कार्निटीन' असं मैत्रिणीने लिहून दिलेलं. तिसरे आमच्या मागच्या गल्लीतले आजोबा. त्यांच्या मुलाने न्यू जर्सीहून त्याच कार्निटीनची बाटली पाठवली होती आणि ती उघडावी की नाही हे त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.

मी दादरला फार्मासिस्ट आहे. तिघांना मी तीन वेगळी उत्तरं दिली. 'दोन्हींत चांगलं कोणतं' या प्रश्नाला एक उत्तर नाही, पण 'तुमच्यासाठी कोणतं' याला बहुतेक वेळा असतं.

जाहिरातीत दोन्हींना अमिनो आम्ल म्हणतात. प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात, त्यांत ही दोन्ही नाहीत; शरीर त्या अमिनो आम्लांपासून ही बनवतं. कार्निटीन लायसिन आणि मेथिओनिनपासून, क्रिएटिन अर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिनपासून. दोन्ही आधी सापडली ती मांसात, क्रिएटिन 1832 साली आणि कार्निटीन 1905 साली, आणि दोन्हींची नावंही मांसाच्या ग्रीक-लॅटिन शब्दांवरून पडली. साम्य इथपर्यंतच. पेशीत दोघांची कामं अगदी वेगळी आहेत.

कार्निटीन हा हमाल. चरबीतली लांब साखळीची आम्लं पेशीच्या भट्टीत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, आपली आपण शिरू शकत नाहीत. कार्निटीन त्यांना आतल्या पडद्यापलीकडे पोचवतं. क्रिएटिन म्हणजे गल्ल्यातले सुट्टे पैसे. पेशी जो एटीपी, म्हणजे तिची हातातली ऊर्जा, खर्च करते तो काही सेकंदांत संपतो. तेव्हा फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे फॉस्फेट चिकटलेलं क्रिएटिन, आपल्याकडचा फॉस्फेट देऊन तो पुन्हा भरून देतं. जिना धावत चढताना, सुटणाऱ्या लोकलमागे पळताना उपयोगी पडतं ते हे.

दुकानदाराला एवढ्यावरून एक गोष्ट लगेच कळेल. गोदामात हमाल पुरेसे असताना आणखी चार आणून उभे केले, तर माल वाढत नाही. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे 20 ग्रॅम कार्निटीन असतं, जवळजवळ सगळं स्नायूंत, आणि निरोगी माणसाला पुरेल एवढं यकृत आणि मूत्रपिंडं रोज बनवतात. पूर्ण शाकाहारी माणसालाही त्याची कमतरता सहसा होत नाही. गोळीतून घेतलेल्यातलं तर बरंचसं रक्तात पोचतच नाही: जेवणातल्या कार्निटीनपैकी साधारण 54 ते 87 टक्के शोषलं जातं, सप्लिमेंटमधल्यापैकी 5 ते 18 टक्के. उरलेलं आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातं. त्याबद्दल पुढे.

सुट्ट्या पैशांची गोष्ट वेगळी. गल्ला अर्धा-पाऊण भरलेला असतो आणि वर टाकायला जागा असते. रोज 3 ग्रॅम क्रिएटिन घेतलं की चारेक आठवड्यांत स्नायूंतला साठा भरतो. सुरुवातीला पाच-सहा दिवस 20 ग्रॅमचं 'लोडिंग' करूनही भरतो, फक्त लवकर. घाई नसेल तर लोडिंगच्या फंदात पडू नका. पोट बिघडलेली पोरं माझ्याकडे येतात ती बहुतेक याच आठवड्यात.

आता ताटाकडे बघू, कारण मुंबईत खरी निवड इथे ठरते. कार्निटीन मुख्यतः लाल मांसात असतं. शंभर-सव्वाशे ग्रॅम शिजवलेल्या बीफमध्ये 56 ते 162 मिलिग्रॅम, तेवढ्याच चिकनमध्ये जेमतेम 3 ते 5, कॉड माशात 4 ते 7, कपभर दुधात 8. म्हणजे रविवारी चिकन आणि बुधवारी सुरमई खाणारं मालवणी घर कार्निटीनच्या हिशोबात शाकाहारी शेजाऱ्यांच्या फार पुढे नाही. क्रिएटिनचं तसं नाही. कच्च्या माशात आणि मांसात किलोमागे साधारण 3 ते 5 ग्रॅम असतं, म्हणून मासे खाणाऱ्याला थोडंफार मिळतं आणि वरणभात-भाजी-दह्यावर जगणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही. शाकाहारी लोकांच्या स्नायूंत क्रिएटिन कमी सापडतं ते यामुळे, आणि डबा सुरू केल्यावर फरकही त्यांनाच जास्त जाणवतो. मेंदूत मात्र ते शाकाहाऱ्यांमध्येही इतरांइतकंच आढळतं. मेंदू आपल्यापुरतं स्वतः बनवतो आणि बाहेरचं फारसं आत येऊ देत नाही.

मेंदूवरचे दावे इथे अडखळतात. दोन्हींचे.

क्रिएटिनबद्दल 2003 साली ऑस्ट्रेलियात 45 तरुण शाकाहारी लोकांवर एक चाचणी झाली: रोज 5 ग्रॅम, सहा आठवडे, आणि स्मरणशक्तीच्या व बुद्धीच्या चाचण्यांत चांगला फरक. वीस वर्षं जाहिराती यावर चालल्या. मग 2023 मध्ये 123 जणांवर तीच मात्रा, तेवढेच आठवडे, अर्धे शाकाहारी आणि अर्धे मिश्राहारी अशी चाचणी झाली. परिणाम निघाला तर अगदी बारीक, आणि शाकाहाऱ्यांना जास्त फायदा हेही दिसलं नाही. 2024 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने क्रिएटिनमुळे आकलनशक्ती सुधारते हा दावा सिद्ध झालेला नाही असं मत दिलं. त्याच वर्षी आलेल्या एका छोट्या प्रयोगात रात्रभर जागवलेल्या 15 जणांना एकदम मोठा डोस देऊन फायदा दिसला. मोठा म्हणजे वजनाच्या किलोमागे 0.35 ग्रॅम, सत्तर किलोच्या माणसाला साडेचोवीस ग्रॅम. रात्रपाळीच्या नर्स मला हे विचारतात. पंधरा जणांच्या एका रात्रीवरून मी कुणालाही रोज पंचवीस ग्रॅम घ्यायला सांगणार नाही.

पार्किन्सनच्या रुग्णांसाठी तर मोठी आशा होती. अमेरिका आणि कॅनडात 1741 रुग्णांना वर्षानुवर्षं रोज 10 ग्रॅम क्रिएटिन किंवा नुसती नकली पावडर दिली. 2013 मध्ये चाचणी मध्येच थांबवली, कारण फरक दिसण्याची शक्यता उरली नव्हती.

कार्निटीनची बाजू मला जास्त गुंतागुंतीची वाटते, आणि खरं सांगायचं तर जास्त रंजक. साध्या एल-कार्निटीनला असेटिल गट जोडला की असेटिल-एल-कार्निटीन होतं; ते मेंदूत सहज शिरतं, आणि तो गट असेटिलकोलीन या आठवणीशी संबंधित रसायनाच्या कामी येऊ शकतो. 2002 मध्ये कॅलिफोर्नियात म्हाताऱ्या उंदरांना हे आणि लिपोइक आम्ल एकत्र दिल्यावर त्यांची हालचाल आणि स्मरणशक्ती सुधारली. त्या उंदरांच्या जोरावर किती बाटल्या खपल्या असतील देव जाणे. माणसांत मात्र अल्झायमरच्या 431 रुग्णांना वर्षभर रोज 3 ग्रॅम देऊनही एकूणात फरक पडला नाही. हे 1996 सालचं. 2003 च्या कॉक्रेन आढाव्यातही (चाचण्या एकत्र तपासणारी ही संस्था) नेहमीच्या वापरासाठी शिफारस करण्याइतका पुरावा सापडला नाही. बाटलीवर मेंदूचं चित्र असतं, पण हे आकडे नसतात.

तरी दोन ठिकाणी असेटिल-एल-कार्निटीनचं पारडं जड आहे. एक म्हणजे उदासी. 2018 मध्ये 12 चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा नैराश्याची लक्षणं नकली गोळीपेक्षा कमी झालेली दिसली. हे डॉक्टरांशी बोलायचं काम आहे, माझ्या काउंटरवरून ठरवायचं नाही; बायपोलरचा त्रास असेल तर हे स्वतःहून अजिबात सुरू करू नये. दुसरं मधुमेहामुळे पायांत होणाऱ्या मुंग्या आणि आग. इथे मोठ्या चाचण्यांत दुखणं कमी झालं ते 1000 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा घेणाऱ्यांचं. 500 तीनदा घेणाऱ्यांना वेदनेत तसा फरक दिसला नाही. आता आपल्याकडे मेकोबालामिनबरोबर (म्हणजे बी12 चाच एक प्रकार) जी गोळी लिहून देतात तिची पट्टी उलटून बघा, बहुधा 500 असतं आणि गोळी दिवसातून एक किंवा दोन. मग काही पेशंटना त्या गोळीने बरं वाटतं ते कशाने? माझ्या मते बऱ्याच जणांना त्यातल्या बी12 ने.

आणि एक ठिकाण असं, जिथे ते टाळलेलंच बरं. स्तनाच्या कर्करोगाच्या केमोथेरपीत हातापायांच्या नसांना इजा होऊ नये म्हणून अमेरिकेत 409 स्त्रियांच्या चाचणीत रोज 3 ग्रॅम असेटिल-एल-कार्निटीन दिलं. 2013 मध्ये निकाल आला: नसांचा त्रास घेणाऱ्यांमध्येच जास्त झाला. कुणाच्या घरात केमो चालू असेल आणि प्रेमाने कुणी ही बाटली आणून दिली असेल, तर ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय ती उघडू नका.

साध्या एल-कार्निटीनच्या 'फॅट बर्नर' सिरपबद्दल एकच वाक्य: अनेक चाचण्यांची सरासरी काढली तर वजन सव्वा किलोच्या आसपास कमी होतं, आणि तेवढं मी संध्याकाळचा वडापाव सोडूनही केलंय.

त्रासाचं म्हणाल तर क्रिएटिन साधंसरळ आहे. पहिल्या आठवड्यात किलो-दोन किलो वजन वाढतं, ते स्नायूंत धरलेलं पाणी असतं. मूत्रपिंडं खराब होतात ही भीती निरोगी माणसाच्या बाबतीत खरी ठरलेली नाही, पण रिपोर्टात क्रिएटिनिन थोडं वाढलेलं येतं, कारण ते क्रिएटिनपासूनच तयार होतं. तपासणीला जाताना डॉक्टरांना डब्याबद्दल सांगितलं नाही तर विनाकारण घाबरगुंडी. मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर मात्र दोन्हींच्या वाटेला जाऊ नये.

कार्निटीन दिवसाला 3 ग्रॅमच्या घरात गेलं की मळमळ, जुलाब, आणि घामाला माशाचा वास. मघाचे आतड्यातले जिवाणू ते हेच: न शोषलेल्या कार्निटीनपासून ते ट्रायमिथाइलअमिन बनवतात, आणि नासलेल्या माशाला वास येतो तो त्याचाच. आयुष्यात बोंबलाला हात न लावलेल्या एका काकूंना मी हे समजावून सांगितलं आहे, सोपं नव्हतं ते. त्याच रसायनापासून यकृत टीएमएओ नावाचा पदार्थ बनवतं, आणि रक्तात त्याचं प्रमाण जास्त असण्याचा हृदयविकाराशी संबंध दिसला आहे. कार्निटीन आणि टीएमएओची ही साखळी 2013 च्या संशोधनात पुढे आली. म्हणून स्टेंट बसलेल्या माणसाला मी हे हौसेने विकत नाही. फिट्स येत असतील, रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा असिट्रोमसारखी गोळी चालू असेल, थायरॉइडची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टर.

मुंबईत आणखी एक अडचण, जी कुठल्या बाटलीवर लिहिलेली नसते. असेटिल-एल-कार्निटीन हवेतली ओल शोषून घेतं. जूनमध्ये सुटी पावडर उघडी राहिली तर ऑगस्टपर्यंत तिचा चिकट गोळा होतो. घ्यायचंच असेल तर कॅप्सूल घ्या, आणि कॅप्सूल जिलेटिनची नको असेल तर हिरवा ठिपका बघा. क्रिएटिनचे गठ्ठे झाले तरी ते कोरडं असेल तर बिघडत नाही. पण पाण्यात कालवून बाटलीत भरून दिवसभर लोकलमधून फिरवू नका, हळूहळू त्याचं क्रिएटिनिन होत जातं. कालवलं की प्यावं.

पैशांचा हिशोब डब्याच्या किमतीवर करू नका, दिवसावर करा. 250 ग्रॅम क्रिएटिन रोज 3 ग्रॅमने 83 दिवस पुरतं. 500 मिलिग्रॅमच्या 60 कॅप्सूलची कार्निटीनची बाटली, चाचण्यांतल्या 3 ग्रॅमच्या मात्रेने घ्यायची म्हटली तर दहा दिवसांत रिकामी. दिवसाला एक घेतली तर दोन महिने जाते, पण त्या मात्रेवर काही सिद्ध झालेलं नाही. क्रिएटिनमध्ये साधं मोनोहायड्रेट घ्या. महागड्या नावांचे प्रकार त्याहून सरस ठरलेले नाहीत. क्रॉफर्ड मार्केटला इम्पोर्टेड डबे मिळतात, पण एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक, बॅच, एक्स्पायरी आणि पक्कं बिल नसेल तर स्वस्त मिळालं म्हणून आणू नका. सप्लिमेंटच्या लेबलवर 'औषध म्हणून वापरण्यासाठी नाही' असं छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. ते छापूनच, बाजूला स्मरणशक्तीची जादू विकतात.

तर त्या तिघांचं काय झालं. जिमच्या मुलाला क्रिएटिन दिलं. शाकाहारी, चोवीस वर्षांचा, आठवड्यातून चार दिवस वजनं उचलणारा. त्याच्यासाठी दोन्हींत स्पर्धाच नव्हती. पन्नाशीनंतर व्यायामाबरोबर घेणाऱ्यांनाही याचा फायदा होतो: 22 चाचण्या एकत्र केल्यावर, नुसत्या व्यायामापेक्षा चरबीविरहित वजन जवळपास 1.4 किलो जास्त वाढलेलं दिसलं. व्यायामाशिवाय नुसती पावडर, तर सोडून द्या.

डोंबिवलीच्या बाईंना मी काहीच विकलं नाही. थकवा, विसरभोळेपणा, पायाला मुंग्या, शाकाहारी, सहा वर्षं मेटफॉर्मिन आणि त्यावर रोज अॅसिडिटीची गोळी. मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीची गोळी दोन्ही बी12 खाली आणतात. बी12, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच तपासून डॉक्टरांना दाखवा म्हटलं. रिपोर्ट घेऊन परत आल्या तेव्हा बी12 वर लॅबने लाल खूण केली होती, आणि त्यांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली होती. मैत्रिणीचा चिटोरा पर्समध्ये तसाच होता, तो त्यांनी माझ्यासमोर काढून बघितला आणि परत ठेवला.

आजोबांना स्टेंट आहे आणि असिट्रोम चालू आहे. बाटली उघडू नका, पुढच्या व्हिजिटला पिशवीत घालून कार्डिओलॉजिस्टकडे न्या, असं सांगितलं. मुलाला काय सांगू, हा त्यांचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, सांगा फार्मसीवाल्या बाईंनी ठेवून घेतली. सीलबंद बाटली तेव्हापासून आमच्या मागच्या कपाटात आहे, एक्स्पायरी पुढच्या मार्चची.