विज्ञान-वाचनाच्या पुस्तिका: सात-आठ महिने वर्गात वापरल्यानंतर

तिसरी-चौथीच्या वर्गांसाठी आम्ही विज्ञान-वाचनाच्या पुस्तिकांचा एक संच घेतला, त्याला आता सात-आठ महिने होत आले. संचाचं नाव मुद्दाम देत नाही. या धाटणीचे संच बरेच निघतात आणि त्यांचे गुणदोष पुष्कळसे सारखेच असतात, त्यामुळे तुम्ही कुठलाही घेणार असलात तरी पुढचं उपयोगी पडावं. रचना नेहमीचीच आहे. पातळ पुस्तिका, सोप्याकडून कठीणाकडे तीन पातळ्या, प्रत्येकीच्या शेवटी प्रश्न, सोबत थोडी वाचनकार्डं आणि शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका. विषय सजीव, पाणी-हवा, प्रकाश-सावली, पदार्थ आणि आकाश.

निकाल आधीच सांगून टाकते. ज्या पुस्तिका नुसती माहिती देतात, त्या मुलांनी आवडीने वाचल्या आणि तितक्याच सहज विसरल्या. ज्या पुस्तिकांत ती माहिती कुणाला, कशी कळली हे आहे, त्यांच्यावर मुलं अजून भांडतात. दुसऱ्या प्रकारच्या पुस्तिका संचात फार थोड्या आहेत, हीच माझी मुख्य तक्रार.

झाडांचंच बघा. झाड माती खाऊन वाढतं, हे बहुतेक मुलं पक्कं धरून बसलेली असतात. मोठी माणसंही कमी नाहीत. पहिल्या पातळीची पुस्तिका सांगते की पानं हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश वापरून अन्न तयार करतात. मुलांनी वाचलं, मागचे प्रश्न बरोबर सोडवले, आणि काही दिवसांनी कुंडीतल्या रोपाबद्दल विचारलं तर पुन्हा तेच, ‘मुळांनी माती खातं.’ तिसऱ्या पातळीच्या पुस्तिकेत मात्र व्हॅन हेलमाँटचा प्रयोग आहे. सतराव्या शतकातल्या या माणसाने २०० पौंड वाळवलेली माती तोलून एका मोठ्या कुंडीत भरली, तिच्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं त्याला पाण्याशिवाय काही दिलं नाही. शेवटी झाड भरलं सुमारे १६९ पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली, तर घट जेमतेम २ औंस, म्हणजे पाव पौंडाहूनही कमी.

हे आकडे फळ्यावर मांडले आणि वर्गात गलका झाला. मातीच खाल्ली असती तर कुंडी रिकामी व्हायला नको होती का? एकीने विचारलं, ‘बाई, पाच वर्षांत पानं गळली असतील, ती धरली का?’ धरली नव्हती, आणि हेलमाँटने स्वतःच तसं नोंदवून ठेवलंय. त्याचा निष्कर्ष असा की झाड निव्वळ पाण्यातून घडलं. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, हे प्रसिद्ध झालं. आता आपल्याला माहीत आहे की लाकडातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. गंमत अशी की जळत्या कोळशातून सुटणारा हाच वायू हेलमाँटने ओळखला होता. झाडाच्या हिशेबात तो वायू धरायचं काही त्याच्या मनात आलं नाही. पुस्तिका त्याची ही चूक झाकत नाही, आणि तीच पानं मुलांनी सगळ्यात जास्त वेळा उघडली. इतकं काटेकोर तोलूनही माणूस चुकू शकतो, यावर त्यांचा आधी विश्वासच बसेना.

फ्रांचेस्को रेडी या इटालियन वैद्याच्या १६६८च्या प्रयोगाचं कार्डही असंच जमलेलं आहे. प्रश्न असा की अळ्या मांसातून आपोआप होतात की त्यावर बसणाऱ्या माश्यांमुळे? मांसाचं एक भांडं उघडं, एक घट्ट बंद, एकावर जाळीदार कापड. अळ्या फक्त उघड्या भांड्यातल्या मांसावर झाल्या. कार्ड इथेच थांबतं आणि विचारतं की बंद भांडं होतं, तर मग कापडाच्या भांड्याची गरज काय होती? यावर एक अख्खी तासिका गेली. बंद भांड्यात हवाच जात नव्हती म्हणून अळ्या झाल्या नसतील, ही शंका कुणीतरी काढेपर्यंत मी गप्प बसले. संचात असे प्रश्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

बाकीचे प्रश्न? ‘पाण्याची वाफ होण्याच्या क्रियेला काय म्हणतात?’ या छापाचे. असे प्रश्न काय मोजतात हे दाखवायला मी फळ्यावर लिहिलं, ‘झिंबा तिरपला की त्याचा गुल्लू होतो.’ मग विचारलं, झिंबा तिरपल्यावर काय होतं? सगळा वर्ग एका सुरात, ‘गुल्लू!’ गुण पैकीच्या पैकी, आणि झिंबा कोण ते कुणालाच माहीत नाही. तेव्हापासून पुस्तिकेमागचे प्रश्न आम्ही सोडवत नाही. त्याऐवजी मुलं वाचताना एखाद्या विधानाशी पेन्सिलीने ‘कशावरून?’ असं लिहितात आणि उत्तर त्याच पुस्तिकेत मिळालं तर पान क्रमांक टाकतात. पहिल्या पातळीच्या पुस्तिकांत हे क्रमांक जवळपास कोरेच राहतात. यावरून संचाची परीक्षा आपोआप होते.

चित्रांबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण मुलं मजकुराआधी चित्र वाचतात आणि चित्राखालची ओळ तर वाचतच नाहीत. आकाशाच्या पुस्तिकेत पृथ्वीची कक्षा चांगली लांबुळकी अंडाकृती काढली आहे. ती पाहून मुलांनी काढलेला अर्थ अगदी तर्कशुद्ध होता: सूर्याच्या जवळ गेलो की उन्हाळा. ऋतू पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे होतात असं मजकुरात बरोबर लिहिलंय, पण चित्रापुढे त्याचं कोण ऐकतो! खरं तर पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, सुमारे १५.२ कोटींवर. फळ्यावर एक मीटर व्यासाची कक्षा काढली तर तिच्या लांबी-रुंदीतला फरक पाव मिलिमीटरही भरत नाही. खडूची रेघच त्याहून जाड असते. त्याच पुस्तिकेत चंद्र पृथ्वीला जवळजवळ चिकटलाय. मधे साधारण तीस पृथ्व्या मावतील एवढं अंतर आहे, हे आम्ही मणी ओळीने मांडून दाखवलं. चित्र प्रमाणात नाही एवढी बारीक सूचनासुद्धा कुठे नाही. पाण्याच्या पुस्तिकेत किटलीच्या तोंडाजवळच्या पांढऱ्या धुरकट भागाला ‘वायुरूप पाणी’ म्हटलंय. पाण्याचा वायू दिसत नाही; दिसतात ते बारीक थेंब. ही चूक छपाईत राहावी याचं आश्चर्य वाटलं.

आता गोष्टीरूप पुस्तिका. एक थेंब आहे, त्याला समुद्रात कंटाळा येतो, म्हणून तो ढगात जातो, तिथे मित्र भेटतात वगैरे. मुलांना प्रचंड आवडली. नंतर पाणी वर का जातं असं विचारलं तर उत्तर आलं, ‘त्याला फिरायला जायचं असतं.’ मला गोष्टींचं वावडं नाही. त्याच संचात मुंग्यांच्या रांगेवर बोटाने आडवी रेघ ओढून पाहणाऱ्या मुलीची गोष्ट आहे आणि ती उत्तम आहे, कारण तिथे विचार करतं ते माणूस. निर्जीव वस्तूंना इच्छा चिकटवल्या की कारण शोधायची गरजच संपते. थेंबाची पुस्तिका मी आता भाषेच्या तासाला देते.

तरी असं साहित्य हवंच, यात मला शंका नाही. प्राथमिक वर्गातलं वाचन म्हणजे बहुतेक गोष्टी आणि कविता. अमेरिकेत नेल ड्यूक यांनी पहिलीच्या २० वर्गांचा अभ्यास करून २०००मध्ये लिहिलं होतं की माहितीपर मजकुराच्या वाट्याला दिवसाला सरासरी ३.६ मिनिटं येतात. आपापल्या वर्गात घड्याळ लावून बघा, फार वेगळं निघणार नाही. आमच्याकडे गोष्टीची पुस्तकं हातात न धरणारी दोन-तीन मुलं या संचामुळे वाचायला लागली. अनुक्रमणिका पाहून हवं तेच पान उघडता येतं, पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची सक्ती नाही, याचाच त्यांना आनंद.

हस्तपुस्तिका म्हणते आधी वाचा, मग प्रयोग करा. आम्ही बहुतेक ठिकाणी क्रम उलटा केला. तरंगणं-बुडणं घेताना आधी अंदाज, मग पाण्याचं भांडं, आणि अंदाज फसल्यावर पुस्तिका. तेव्हा मुलं वाचत नाहीत, शोधतात. पाच वर्षं वाढणारं झाड मात्र वर्गात लावता येत नाही. तिथे दुसऱ्याने केलेला प्रयोग वाचणं हाच प्रयोग. मिशिगन विद्यापीठात ॲनमेरी पॅलिन्सर आणि शर्ली मॅग्नसन यांनी याच विचाराने एका काल्पनिक शास्त्रज्ञाच्या वहीसारखे पाठ तयार केले होते, त्यात मोजमापं आणि अडखळणंही होतं. आमच्या संचातलं सावलीचं कार्ड त्याच्या जवळ जातं: तासातासाला मोजलेल्या काठीच्या सावलीचा तक्ता, एक नोंद गाळलेली. ती किती असेल, हे मुलांनी ठरवायचं.

‘काहींना वाटतं की जड वस्तू बुडतात, पण ते बरोबर नाही’ अशी गैरसमज आधी मांडून खोडणारी मांडणी काही पुस्तिकांत आहे. तिचा उपयोग होतो. फक्त अडखळत वाचणारं मूल पहिल्या अर्ध्या वाक्यातच दमतं आणि नेमका गैरसमज घेऊन उठतं, म्हणून असं पान मी आधी मोठ्याने वाचून दाखवते. जोडाक्षरांनी भरलेल्या संज्ञांचंही तसंच. एका पानावर बाष्पीभवन, संघनन, आर्द्रता आणि अवक्षेपण एकदम आलं की वाचनाचा तास उच्चाराचा तास होतो. ओल्या फडक्याचं काय झालं हे बोलून झाल्यावर संज्ञा दिली तर ती अडत नाही.

कागद बरा, अक्षर मोठं, पिना मात्र लवकर निघतात. चकचकीत पानांवर खिडकीचा उजेड पडला की मागच्या बाकांवर काही दिसत नाही. हस्तपुस्तिकेत एका पुस्तिकेला एक तासिका दिली आहे. चांगल्या पुस्तिकेला दोन तरी लागतात आणि वाईट पुस्तिका पंधरा मिनिटांत संपते.

पुढच्या वर्षासाठी तिसऱ्या पातळीच्या पुस्तिका आणि वाचनकार्डं यांच्या जादा प्रती मागवल्या आहेत, दोघांत एक प्रत पुरावी म्हणून. पहिल्या पातळीतली फक्त मुंग्यांची ठेवली. आकाशाच्या पुस्तिका कपाटात आहेत; चौथीची मुलं त्यातली प्रमाणाबाहेरची चित्रं हेरून नवी काढतायत, तेवढ्यासाठी त्या अजून लागतील.