संदर्भवालं मराठी पवित्र शास्त्र (बायबल) मागवलं, दोन महिने वापरून लिहितेय

चार स्टार. एक कापला तो बारीक अक्षरांसाठी, ते पुढे सांगते.

घरातलं जुनं पवित्र शास्त्र पपांच्या लग्नातलं, पानं सुटलेली, कसर लागलेली, आणि इथे वेंगुर्ल्यात मला हवं तसं मिळेना म्हणून ऑनलाइन मागवलं. भर पावसात पार्सल आलं, खोक्याचा लगदा झालेला पण आत प्लास्टिक होतं म्हणून वाचलं. चेनचं कव्हर आहे हे बरं, आमच्या हवेत पातळ कागद चिकटायला वेळ लागत नाही.

खरी मजा समासातल्या संदर्भांची. रात्री जेवणं झाली की आजी, मी आणि बारावीतला भाचा अशी आमची भक्ती असते, आधी एक अध्याय वाचला की झालं, आता संदर्भ उलटत बसतो नि तास कुठे जातो कळत नाही. मीखा 5:2 काढलं, बेथलेहेमातून राज्यकर्ता निघेल, तिथून मत्तय 2 ला गेलो तर हेरोद राजा विचारतोय ख्रिस्त कुठे जन्मणार आणि शास्त्री धडाधड मीखाचंच वचन सांगतायत. सातेकशे वर्षं पत्ता माहीत, यरुशलेमेपासून गाव जेमतेम आठ-नऊ किलोमीटर, आपलं शिरोडं याच्या दुप्पट लांब, तरी त्यातला कोणी उठून बघायला गेला असं मत्तय काही सांगत नाही! देवाने शब्द पाळला, माणसं जागची हलली नाहीत.

पण मला सगळ्यात भिडलं ते यिर्मया 29. बाबेलात (म्हणजे बॅबिलोनात) धरून नेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याचं पत्र, घरं बांधा, बागा लावा, 70 वर्षं लागतील. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा सांगतोय की दोन वर्षांत सगळं परत येईल, आणि मी तिथे असते तर हनन्याचंच ऐकलं असतं, खोटं कशाला बोलू. समासातून एज्रा 1 ला गेलं की कोरेश राजा लोकांना परत जायला सांगतो. भाच्याला पत्ताच नव्हता की हा कोरेश म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला सायरस, ज्याने इ.स.पू. 539 मध्ये बाबेल घेतलं. यरुशलेमेचं मंदिर पडलं इ.स.पू. 586 ला, नवं पुरं झालं 516 ला, करा वजाबाकी. काही जण पहिले लोक धरून नेले त्या 605 पासून मोजतात, ते वेगळं. आजी 84 ची, ती म्हणाली, "म्हणजे गो, ज्यांनी ता पत्र वाचल्यानी त्यातले किती परत इले असतीत? त्येंची नातवंडा इली." मग बराच वेळ कोणी पान उलटलं नाही.

भाचा म्हणतो, मावशी, हे घडून गेल्यावर कोणी लिहिलं असेल तर? प्रश्न रास्त आहे. निदान यशया 53 बद्दल तरी, म्हणजे दुःख सोसणाऱ्या सेवकाचा जो अध्याय आपण येशूबद्दलचा मानतो, मी त्याला मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुंडाळ्या दाखवल्या मोबाईलवर, 1947 मध्ये गुहेत सापडल्या, त्यातली यशयाची मोठी गुंडाळी येशूच्या जन्माआधी शंभरेक वर्षांची आहे आणि तो अध्याय तिच्यात आहे. यशयात कोरेशाचं नाव आधीच कसं आलं हा वाद त्याने मिटत नाही, तेही सांगितलं.

आता तक्रारी. संदर्भ नुसते दिलेत, समजावलेलं काहीच नाही. मत्तय 27:9 मध्ये 30 रुप्यांच्या नाण्यांचं वचन यिर्मयाचं म्हटलंय आणि समासात जखऱ्या 11, का ते एका ओळीत तरी सांगायचं ना, पाळकसाहेबांना फोन करावा लागला. होशेय 11:1 चंही तेच, मुळात ते इस्राएल मिसरातून बाहेर आला त्याबद्दल, मागचं झालेलं, आणि मत्तय ते बाळ येशूला लावतो. नव्या वाचकाला वाटेल ओढूनताणून जुळवलंय. माझं म्हणणं, आधी मीखा, यिर्मया वाचा, या असल्या जागा नंतर.

यहेज्केल 26 मध्ये सोर (टायर) शहर मासेमारीची जाळी पसरायची जागा होईल असं आहे, तेवढं मात्र आजीला कोणी समजवावं लागलं नाही, बंदरावर रोज बघते ती.

पानात खुणेला घालायची फीत एकच दिलीय, तीन तरी हव्या होत्या, आम्ही लाईटबिलं घालून ठेवतो. समासातली अक्षरं इतकी बारीक की आजी भिंग घेऊन बसते आणि भिंगावर डाळीचा हात लागतो. मोठ्या अक्षरांची आवृत्ती संदर्भांसकट कुठे मिळत असेल तर खाली सांगा, नाताळाच्या आत हवीय.