काट्यावरचा पीसी : विंडोज, लिनक्स की मॅक? पोर्टचं नाव बघून ठरवा

वजनकाट्यावर नवा पीसी घ्यायचा म्हटलं की रॅम आणि डिस्कवर भरपूर बोलणं होतं. सीरियल पोर्टला, म्हणजे काट्याचं वजन पीसीत येतं त्या जोडणीला, ती सिस्टिम काय नाव देईल आणि उद्या सकाळी ते तेच राहील का, हे सहसा कुणी विचारत नाही. माझं काम नागपूरच्या कळमना, वाडी, बुटीबोरी या पट्ट्यातल्या काट्यांचं. माझी निवड या एकाच मुद्द्यावर झाली.

बहुतेक ठिकाणी यूएसबी-टू-सीरियलच्या दोन केबल असतात. एक इंडिकेटरची, म्हणजे काट्याचं वजन आकड्यात दाखवणाऱ्या यंत्राची, दुसरी बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेची.

विंडोजची पद्धत शिकवायला सगळ्यात सोपी. डिव्हाइस मॅनेजर उघडा, पोर्टचं नाव कॉम ३ आहे की कॉम ४ ते वाचा, सॉफ्टवेअरमध्ये टाका. काट्यावरच्या पोराला हे फोनवरून सांगता येतं, आणि हा फायदा मी मोठाच मानतो. पण बाजारात सर्रास मिळणाऱ्या सीएच३४० चिपच्या केबलमध्ये सहसा स्वतःचा सिरियल नंबर नसतो. मग विंडोज केबलला ओळखत नाही, ती कुठल्या यूएसबीत लावली ते लक्षात ठेवतं. झाडताना केबल निघाली आणि पोरानं शेजारच्या यूएसबीत खोचली, की कॉम ३ चा कॉम ७ होतो. बाहेर संत्र्याच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि फोन येतो, ‘भाऊ, वजन येऊन नाही राहिलं.’

जुना कॉम ३ तरी मोकळा व्हावा, तर तेही नाही. तो लपलेल्या उपकरणांत बसून राहतो आणि यादीत ‘वापरात’ असाच दिसतो. आकडे असे वाढत दहावर गेले की काही जुनी सॉफ्टवेअर पोर्ट उघडतच नाहीत, कारण कॉम १० पासून पुढे नावाआधी ‘\\.\’ लावावं लागतं आणि ते त्यांना माहीत नसतं. इकडे काटा काही थांबत नाही. इंडिकेटरवरचा आकडा बघून वजन हातानं टाइप होऊ लागतं. शेतकऱ्याच्या पावतीवर हातानं टाकलेलं वजन मला अजिबात मान्य नाही, आणि माझा कौल तिथेच फिरला.

लिनक्सचं वरवरचं नाव, खरं सांगायचं तर, याहून कच्चं आहे. टीटीवाय-यूएसबी-० आणि १ हे क्रमांक जी केबल आधी सापडली तिला मिळतात. वीज जाऊन आली की इंडिकेटर आणि डिस्प्लेची अदलाबदल होऊ शकते. म्हणून ते नाव मी सेटिंगमध्ये कधीच टाकत नाही. डेव्ह फोल्डरमधल्या ‘सीरियल’मध्ये ‘बाय-आयडी’ नावाची जागा आहे. तिथलं नाव चिपच्या ओळखीवरून बनतं. इंडिकेटरला सीएच३४० आणि डिस्प्लेला सीपी२१०२ अशा दोन वेगळ्या चिपच्या केबल दिल्या, की पोरगा कुठल्याही यूएसबीत लावो, नाव बदलत नाही. केबल मेली आणि सीताबर्डीवरून तसलीच दुसरी आणली, तरी बहुधा तेच नाव येतं. उत्पादनाचं नाव थोडं वेगळं निघायची शंका असेल, तर यूडेव्हमध्ये, म्हणजे लिनक्सच्या उपकरणांना नावं देणाऱ्या भागात, सीएच३४० च्या १ए८६ आणि ७५२३ या ओळख क्रमांकांवर एका ओळीचा नियम लिहून आपलं कायमचं नाव द्यावं. दोन्ही केबल सीएच३४० असतील तर मात्र बाय-आयडी कामाचं नाही. तेव्हा ‘बाय-पाथ’, म्हणजे केबल कुठल्या यूएसबीत आहे त्यावरून बनणारं नाव, घ्यायचं, आणि मग केबलची जागा सांभाळावी लागते.

लिनक्सवर सुरुवातीला थोडं खपावं लागतं. वापरकर्त्याला सीरियल पोर्ट उघडायची परवानगी असलेल्या ‘डायलआउट’ गटात घालावं लागतं. उबुंटू २२.०४ वर ब्रेल डिस्प्लेसाठीचं बीआरएलटीटीवाय हे सॉफ्टवेअर सीएच३४० ला आपलंच उपकरण समजतं आणि पोर्ट दिसून लगेच गायब होतो. काट्यावर ब्रेल डिस्प्ले नसेल तर ते काढून टाकलं की झालं.

मॅक काट्यावर कुणी ठेवत नाही, पण घरून तपासणी करणाऱ्यांसाठी एवढंच : तिथे एकाच पोर्टची ‘टीटीवाय’ आणि ‘सीयू’ अशी दोन नावं दिसतात. ‘सीयू’ घ्या. ‘टीटीवाय’ समोरचं यंत्र जोडलंय असं सांगणाऱ्या कॅरियर सिग्नलची वाट बघतं, आणि इंडिकेटरच्या तीन तारांच्या केबलमध्ये तो सिग्नल नसतोच.

तुमचं बिलाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत असेल, तर मी तरी दुसरं काही सुचवणार नाही. ते फक्त विंडोजचं असेल तर एफटीडीआय चिपची चांगली केबल घ्या. तिच्यात सिरियल नंबर असतो, त्यामुळे यूएसबी बदलली तरी कॉम नंबर टिकतो. नवी केबल मात्र नवा नंबर घेऊन येते. म्हणून सुटी केबल आधीच एकदा त्या पीसीला लावून, पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये तिलाही इंडिकेटरचाच नंबर द्या. ‘वापरात आहे’ असा इशारा येईल, तो मान्य करा. दोन्ही केबल एकाच वेळी लावायच्या नाहीत, एवढं पोराला सांगून ठेवा.