टॅब आपल्या हाताने बंद करावेत, की मुदत लावून सोडून द्यावेत?

फोनच्या ब्राउझरमध्ये साठत जाणाऱ्या टॅबांचा बंदोबस्त दोन रीतींनी करता येतो. एक म्हणजे काम झाले की टॅब आपल्या हाताने बंद करायचा आणि राहून गेलेले रात्री एकदा आवरायचे. दुसरी म्हणजे सेटिंग्जमध्ये मुदत लावून ठेवायची आणि ती उलटली की ब्राउझरला आपोआप टॅब बंद करू द्यायचे. पहिली रीत मी बरीच वर्षे पाळली. दुसरी गेले दोन पावसाळे वापरतो आहे. माझ्याकडे कसलेही मोजमाप नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब पाहणाऱ्या माणसाचा हा रोजचा वापर आहे, एवढेच समजून तो वाचावा.

आधी टॅब साठतात कसे, ते पाहू, कारण निवड त्यावरच ठरते. माझ्या फोनवरचे निम्म्याहून अधिक टॅब मी स्वतः उघडलेलेच नसतात. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी तरी पाठवलेल्या दुव्यावर बोट ठेवले की प्रत्येक वेळी नवा टॅब जन्माला येतो. अँड्रॉइडवर असे पान वाचून झाल्यावर मागे जाण्याचे बटण दाबले, तर तो टॅब बहुधा बंद होऊन आपण व्हॉट्सअ‍ॅपवर परततो. पण होम बटण दाबून बाहेर पडलो, की तो तसाच मागे राहतो. आयफोनवर वरच्या डाव्या कोपऱ्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर परतता येते, मात्र टॅब उघडाच राहतो. त्यामुळे हाताने आवरणाऱ्या माणसाने मागे जाण्याच्या बटणाची सवय लावून घेतली, तर त्याचे अर्धे काम तिथेच संपते. मला ही सवय लागायला फार उशीर झाला आणि आयफोन वापरणाऱ्या माझ्या मुलीला तिचा उपयोगच नाही.

मुदतीची सोय सगळीकडे सारखी नाही. आयफोनच्या सफारीत ती २०१९ च्या आयओएस १३ पासून आहे: एक दिवस, एक आठवडा किंवा एक महिना. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही हेच तीन पर्याय आहेत आणि मी तेच वापरतो. अँड्रॉइडवरच्या क्रोमची चाल जरा निराळी आहे. बरेच दिवस न पाहिलेले टॅब तो एका वेगळ्या कप्प्यात नेऊन ठेवतो आणि ती मुदत मुळात २१ दिवसांची असते. हा मधला मार्ग पुष्कळांना रुचेल. मला मात्र तो माळ्यावर सामान टाकण्यासारखा वाटतो: खोली मोकळी दिसते, सामान घरातच असते.

टॅब पुष्कळ झाले की फोन मंद होतो, या भीतीने कोणी निवड करत असेल, तर तिला फारसा आधार नसावा. मागे पडलेली पाने ब्राउझर गोठवून ठेवतो आणि जागा कमी पडली की मेमरीतून काढूनही टाकतो. उरते ती बहुतेक नावापुरती नोंद. माझ्याकडे एके काळी शंभराहून अधिक टॅब होते. क्रोममध्ये ९९ च्या पुढे आकड्याच्या जागी हसरा चेहरा येतो आणि फायरफॉक्समध्ये अनंताचे चिन्ह. मी दोन्ही पाहिली आहेत, पण फोन मंद झाल्याचे मला कधी जाणवले नाही.

हाताने बंद करण्याच्या बाजूने बोलण्यासारखे खूप आहे. दुकानात माझ्या शेजारी बसणारे दिवाणजी रोज संध्याकाळी सौद्यांच्या पावत्या लावून झाल्या की फोन हातात घेतात आणि एकेक टॅब बोटाने बाजूला सारतात. सारताना प्रत्येकावर नजर टाकतात, हवे ते बुकमार्क करतात आणि शेवटी एकही टॅब उरत नाही. काय ठेवायचे आणि काय टाकायचे, हा निर्णय त्यांचा स्वतःचा असतो. ही शिस्त ज्याला जमते, त्याने मुदतीच्या भानगडीत पडण्याचे मला तरी कारण दिसत नाही. मला ती वर्षातले दहा महिने बऱ्यापैकी जमत असे. प्रश्न होता तो जुलै आणि ऑगस्टचा.

पावसाळ्यात सांगलीतला माणूस दिवसातून अनेकदा एकच गोष्ट पाहतो: आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी इथे लहान मुलांनाही पाठ असते. २०१९ च्या पुरात ५७ फुटांच्याही वर पाणी पाहिल्यापासून तर ते आकडे कोणी विसरूच शकत नाही. त्याच्या जोडीला कोयनेतून विसर्ग किती सोडला, अलमट्टीतून किती, हेही पाहायचे असते. दर तासाला कोणत्या तरी गटावर बातमीचा नवा दुवा येतो, तो आपण उघडतो आणि संध्याकाळपर्यंत एकाच मथळ्याचे दहा-बारा टॅब एकाखाली एक उभे राहतात. मथळा तोच, पुलाचे छायाचित्रही तेच, फरक फक्त आतल्या आकड्यात आणि बारीक अक्षरांतल्या वेळेत.

अशाच एका सकाळी कर्नाळ रोडला राहणाऱ्या मावशींचा फोन आला. “पाणी किती झालं रे?” मी बोलता बोलताच ब्राउझर उघडला, समोर आलेल्या टॅबवर साडेएकोणचाळीस फूट असे वाचले आणि अजून चाळिशीच्या आत आहे, घाई करू नका, असे त्यांना सांगून मोकळा झालो. तो टॅब आदल्या संध्याकाळचा होता. त्या वेळी पाणी प्रत्यक्षात ४३ फुटांच्या पुढे गेले होते आणि ही गोष्ट मला अर्ध्या तासाने दुकानात आलेल्या हमालाकडून कळली. मी लगेच फोन केला, त्यांच्या मुलाने धान्याची पोती आणि फ्रिज वरच्या मजल्यावर नेला, नुकसान काही झाले नाही. पण मावशी त्यानंतर पाण्याचे मला विचारत नाहीत, थेट धाकट्या भावाला विचारतात.

चूक माझीच होती, हे मान्य करूनही त्यातली खोच सांगायला हवी. मेमरीतून काढून टाकलेला टॅब आपण पुन्हा उघडला की बहुधा नव्याने लोड होतो आणि पानावर ताजी माहिती असेल, तर ती दिसते. मेमरीत टिकून राहिलेला टॅब मात्र जसा सोडला तसाच समोर येतो. कोणत्या टॅबच्या वाट्याला काय आले, हे वरून पाहून कळत नाही. टॅबांच्या यादीत दिसणारे पानाचे लहान चित्र तर आपण ते पान शेवटचे पाहिले तेव्हाचेच असते. म्हणजे जुना टॅब नुसता जागा अडवत नाही, तर ताज्या टॅबसारखा दिसून फसवतो. हळदीच्या सौद्याचे दर पाहतानाही मला हाच त्रास होई, पण तिथे चुकलेला आकडा समोरचा व्यापारी लगेच दुरुस्त करतो. पाण्याच्या बाबतीत तशी सोय नसते.

त्याच आठवड्यात मी एक दिवसाची मुदत लावली. आता सकाळी ब्राउझर उघडला की फार तर चार-पाच टॅब दिसतात आणि तेवढ्यांत शिळा कोणता, हे ओळखणे अवघड जात नाही. हा उपाय पूर्ण नाही, कारण पुराचा आकडा तासांत बदलतो आणि मुदत दिवसाची असते. शिवाय ती टॅब शेवटचा कधी पाहिला तेव्हापासून मोजली जाते, त्यामुळे रोज चाळला जाणारा टॅब कितीही जुना असला तरी बंद होत नाही. तरीही बाराच्या जागी चार टॅब असणे, हा फरक मला पुरेसा वाटला.

त्याची किंमतही मोजावी लागली. दुकानातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा एका शनिवारी काही तरी अक्षरे दाखवून अडून बसला. त्या अक्षरांचा अर्थ सांगणारे पान मला बरेच धुंडाळल्यावर मिळाले. सोमवारी पाहू म्हणून मी ते तसेच ठेवले आणि सोमवारी ते गेलेले होते. टॅब बंद झाला तरी हिस्टरीतली नोंद पुसली जात नाही, हे ठाऊक असल्यामुळे मी घाबरलो नाही. पण पानाचे नाव आठवत नसल्याने शनिवारची सगळी यादी खालीवर करण्यात पंधरा-वीस मिनिटे गेली. तेव्हापासून उद्या लागणारे पान मी न चुकता बुकमार्क करतो, आणि हे करायचे नसेल, तर एक दिवसाची मुदत लावू नये. एक आठवडा हा नवख्यासाठी कदाचित अधिक सोसवणारा पर्याय ठरेल; मुलीने तोच ठेवला आहे आणि तिची तक्रार नाही.

आईच्या फोनला मात्र मी हात लावलेला नाही. तिच्याकडे सहा टॅब आहेत, सहाही स्तोत्रांचे, त्यांतले दोन ती फक्त गुरुवारी उघडते आणि दोन फक्त चतुर्थीला. तिला बुकमार्क कसे करायचे, ते मी दोनदा दाखवले. तिने ऐकून घेतले आणि पुन्हा टॅबांतूनच उघडले. ती पाने बदलत नाहीत, त्यामुळे ती शिळी होण्याचाही प्रश्न नाही.