एलएलव्हीएम बिल्ड करताना मेमरी संपते: जॉब्स कमी करू, स्वॅप वाढवू की रॅमच घेऊ?

8 जीबी रॅम, 8 थ्रेड्सचा लॅपटॉप आणि त्यावर एलएलव्हीएम-क्लँग (सी आणि सी प्लस प्लसचा ओपन सोर्स कंपायलर) सोर्सवरून बिल्ड करायचंय, तर 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी1प्लस' ही ओळ कधीतरी दिसणारच. घाबरू नका, तुमचा कोड चुकलेला नसतो, रॅम संपली म्हणून लिनक्स कर्नलनेच कंपायलरची प्रोसेस मारलेली असते, डीमेसग (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) चालवून बघा, तिथे 'आउट ऑफ मेमरी' सरळ लिहिलेलं सापडेल.

जॉब्स, म्हणजे एकाच वेळी चालणारी कंपाइलची कामं, कमी करणं फुकटचं काम, आधी तेच करा. निन्जाला (बिल्ड चालवणारं टूल) आकडा दिला नाही तर तो थ्रेड्सपेक्षा 2 जास्त जॉब्स लावतो, म्हणजे इथे 10, आणि सी प्लस प्लसची टेम्पलेटवाली जड फाइल एकटीच 1 जीबी खाऊ शकते. 3 किंवा 4 ठेवा. वेळ वाढतो, पण मेलेला बिल्ड परत सुरू केला की निन्जा राहिलेल्याच फाइली करतो.

पण बिल्ड शेवटाकडे, लिंकिंगला (कंपाइल झालेल्या फाइली जोडून प्रोग्रॅम बनवताना) मरत असेल तर नुसत्या जॉब्सने भागत नाही. क्लँग, ऑप्ट, एलएलसी अशा प्रत्येक टूलमध्ये त्याच लायब्ररी स्टॅटिक लिंक होतात, डीबग बिल्ड असेल तर सगळी डीबग माहितीही सोबत येते आणि असे चार लिंक एकदम चालू झाले की 8 जीबीचं काय होणार! मी सीमेकमध्ये (बिल्डची सेटिंग्ज ठरवणारं टूल) पॅरलल लिंक जॉब्स 1 केले, बिल्ड टाइप रिलीज (डीबग माहितीशिवाय), लिंकर एलएलडी (एलएलव्हीएमचाच), टार्गेट, म्हणजे ज्या प्रोसेसरसाठी कोड बनवायचा तो, फक्त एक्स86, आणि त्याच लॅपटॉपवर बिल्ड पार पडला. माझं मत विचाराल तर सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की मेमरी म्हणून वापरली जाणारी डिस्कवरची जागा) एसएसडीवर असेल तर जरूर ठेवा, एखादाच लिंक जास्त मेमरी मागतो तेव्हा तीच वाचवते. पण जॉब्स 10 च ठेवून सगळा भार स्वॅपवर टाकू नका, आणि जुन्या हार्ड डिस्कवर तर नकोच, माउसचा बाणसुद्धा अडकत हलतो, टर्मिनलमध्ये दाबलेलं अक्षर उमटायला वाट बघावी लागते.

रॅम कधी घ्यायची? रोज डीबग बिल्ड करायचा असेल तर 32 जीबी घ्याच, प्रोजेक्टसाठी एकदाच करायचा असेल तर पैसे घालू नका. आणि ऑर्डर करण्याआधी स्लॉट आहे का ते बघा, बऱ्याच पातळ लॅपटॉपात रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते.