रीएन्ट्रीचा नकाशा: ‘नाशिकवर नाही’ एवढं सांगायला उत्तम

अमेरिकेतल्या एअरोस्पेस कॉर्पोरेशनची रीएन्ट्रीची (जुने उपग्रह, रॉकेटचे तुकडे वातावरणात परत शिरण्याची) वेबपानं फुकट आहेत, खातंही काढावं लागत नाही. सिंहस्थाची तयारी करणाऱ्यांनी ती वापरावीत, पण भाकीत म्हणून नव्हे. वस्तू कुठे पडणार हे त्यांतून कळत नाही. कुठे पडणार नाही, ते मात्र पक्कं कळतं.

आधी कक्षेचा कल पाहा, म्हणजे ती वस्तू विषुववृत्ताच्या उत्तर-दक्षिणेला किती अंशांपर्यंत जाते ते. टीएलईच्या (कक्षेची माहिती देणाऱ्या दोन ओळींच्या) दुसऱ्या ओळीतला तो तिसरा आकडा. नाशिक २० अंश उत्तरेला. कल १० अंशांचा असेल तर ती वस्तू आपल्या डोक्यावरून जातच नाही, विषय संपला. जास्त असेल तर नकाशा उघडा. पिवळी खूण म्हणजे अंदाजित वेळेची जागा, निळी रेघ त्याआधीचा मार्ग, पिवळी रेघ नंतरचा. रेघांवर दर ५ मिनिटांना टिंब. बातम्यांवाले नेमकी ती पिवळी खूणच उचलतात आणि तिथंच फसतात. शक्यता दोन्ही रेघांवर कुठेही असते.

वेळेतली चूक उरलेल्या वेळेच्या साधारण २० टक्के धरायची. दोन दिवस आधी ती ±१० तास होते, म्हणजे पृथ्वीभोवती १३ फेऱ्या. रेघांचं जाळं जवळपास सगळ्या पृथ्वीवर पसरतं आणि त्यात नाशिकही येतंच. तेव्हा घाबरून पत्रकं काढू नयेत. सहा तास आधी दीड-दोन फेऱ्या उरतात. तेव्हा गोदाकाठ रेघेखाली नसेल तर निर्धास्त राहावं. असेल तर ओझरचा हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष, पोलीस, अग्निशमन यांना सांगून ठेवायचं, एवढंच. रामकुंडावरची गर्दी हलवू नका: वस्तू नाशिक-मुंबई अंतर २२-२३ सेकंदांत कापते, अंदाज मिनिटभर हुकला तरी साडेचारशे किलोमीटरचा फरक पडतो. चेंगराचेंगरीचा धोका त्याहून कितीतरी मोठा.

वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. १९:०० म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, तारीखही पुढची. नोंदवहीत दोन्ही लिहा.

उणीव एकच, पण मोठी. वस्तू पडल्यावर काय करायचं, याबद्दल पान उपयोगाचं नाही. २ एप्रिल २०२२ ला चिनी रॉकेटचे अवशेष चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे पडले: धातूचं मोठं कडं आणि गोल टाक्या. अशा टाक्या टायटॅनियमच्या किंवा कार्बन धाग्यात गुंडाळलेल्या असतात, म्हणून जळत नाहीत. आत हायड्राझिन हे विषारी इंधन उरलेलं असू शकतं. त्याला अमोनियासारखा वास येतो आणि तो येईपर्यंत उशीर झालेला असतो. निफाडच्या द्राक्षबागेत असा गोळा दिसला तर वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब सरा, कुणी जवळ जाऊ नये म्हणून लांबूनच सभोवती दोरी बांधा, लांबून फोटो काढा, ११२ ला कळवा. ट्रॅक्टरमध्ये टाकून पोलीस ठाण्यात नेऊ नका. तलाठी आणि पोलीस पाटलांसाठी याचं एक पानी मराठी पत्रक आपणच छापायला हवं.